तुळस, थंडी आणि पायगुण
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु पौष आला की आपल्या निफाडकडे तुळशी काळ्या पडतात आणि खापर फुटते घरातल्या सुनेवर. ती नुकतीच लग्न होऊन आलेली असली तर विचारूच नका! म्हणून बोलायला उभी राहिले.

तुळस मुळात उष्ण हवेची. दव गोठण्याइतका गारठा पडला की तिच्या पानातल्या पाण्याचाही बर्फ होतो, आतले बारीक कोश फाटतात आणि ऊन लागताच पान काळे पडते. त्याच थंडीत शेजारची शेवंती फुललेली असते. तो कोणाचा पायगुण म्हणायचा?

माझी धाकटी जाऊ अमेरिकेत असते. तिकडच्या शेतीखात्याने देशाचे थंडीप्रमाणे १३ पट्टे पाडले आहेत. दरवर्षीच्या सर्वांत थंड रात्रीचा पारा घ्यायचा, ३० वर्षांची सरासरी काढायची, आणि दर १० फॅरनहाइट अंशांना एक पट्टा. २०२३ साली नकाशा नव्याने केला, तेव्हा जवळजवळ निम्मा देश अर्ध्या पट्ट्याने उबेकडे सरकलेला निघाला. जाऊबाईंचा कढीलिंब कुंडीत आहे. गारठा सुरू झाला की तो घरात येतो.

सोय मोठी खरी, पण नकाशाला आपले अंगण दिसत नाही. महाबळेश्वरला गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो, तरी वेण्णा तलावाकाठी दव गोठून पांढरे होते. गार हवा जड. ती पाण्यासारखी उताराने खोलगटात जाऊन साचते. शिवाय हवामानखात्याचा पारा जमिनीपासून चार फुटांवर पेटीत असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन त्याहून गार होते. थंडी एक रात्र होती की दहा, माती ओली होती की कोरडी, हेही त्या आकड्यात नाही. उन्हाळ्याचे तर नावच नको. हिमात तगणारे रोप आपल्या वैशाखात तगेलच असे नाही.

तेव्हा वृंदावन दक्षिणेच्या भिंतीलगत, उन्हात असावे. माती कोरडी ठेवू नये. ओली माती दिवसाची ऊब धरते. रात्री तुळशीला हात लावू नये, हे मलाही ठाऊक आहे. जुन्या लुगड्याचे पांघरूण दिवेलागणीपूर्वी घालावे, दिवा मात्र लांब ठेवावा, आणि सकाळी ते काढावे. काळ्या फांद्या लगेच छाटू नयेत, खालून फुटवा येतो. नाहीच आला तर मंजिऱ्या पुडीत बांधून ठेवलेल्या असाव्यात. फाल्गुनात त्या पेराव्यात, सुनेच्याच हातून.