घरची कचेरी आणि तिचें कुलूप

मुंबईच्या उत्तरेस समुद्रकांठीं वसलेलें बोर्डी हें गांव चिकूच्या वाड्या, सुरूचें बन आणि शिक्षणकार्य यांमुळें महाराष्ट्रास परिचित आहे. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य येथेंच आरंभिलें. डहाणू तालुका १९९१ सालीं पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून घोषित झाला व तेथील कारखानदारीवर कडक बंधनें आलीं. वाड्या राखावयाच्या, तर सुशिक्षित तरुणानें पोटासाठीं घोलवड स्टेशनावरून मुंबईची गाडीच धरली पाहिजे काय? मार्च २०२० च्या टाळेबंदीनें ह्या प्रश्नास अनपेक्षित उत्तर दिलें. कचेऱ्या बंद झाल्या, पण काम थांबलें नाहीं. तें घरोघर गेलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत दूरसंचार खात्यानें कॉल सेंटरसारख्या धंद्यांवरील घरून काम करण्याचे निर्बंधहि सैल केले.

परंतु कचेरी घरीं आली, म्हणजे तिच्या तिजोरीची वाटहि घरापर्यंत आली. बोर्डींत बसलेला हिशेबनीस मुंबईच्या पेढीची वही उघडतो, तेव्हां ती इंटरनेटच्या सार्वजनिक रस्त्यावरून येते. आणि रस्ता म्हटला कीं वाटमारीचें भय आलेंच. ह्यावर योजिलेला उपाय म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, अर्थात् आभासी खासगी जाळें.

पूर्वीं मोठ्या कंपन्या आपल्या शाखा जोडण्यासाठीं स्वतंत्र तारा भाड्यानें घेत. त्यांचा खर्च लहान पेढीस झेपणारा नसे. नव्या व्यवस्थेंत तार सर्वांचीच, मात्र मजकूर मोहोरबंद. टपालवाला लखोट्यावरील पत्ता वाचतो, आंतील पत्र त्यास दिसत नाहीं, तसेंच हें.

पण ह्या मोहोरेची किल्ली दोन्ही टोकांस मिळते कशी? सर्वांदेखत बोलून गुपित ठरवितां येईल, ही गोष्ट अशक्य वाटते. १९७६ सालीं डिफी आणि हेलमन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं ती गणितानें शक्य करून दाखविली. प्रत्येक बाजू एक संख्या गुप्त ठेवते, तिच्यापासून बनविलेली दुसरी उघड पाठविते, आणि ह्या देवघेवींतून दोघांस एकच किल्ली लाभते. चोरून ऐकणाऱ्यास मूळ संख्या शोधणें जवळजवळ अशक्य असतें.

एवढ्यानें निश्चिंत व्हावें काय? मे २०२१ मध्यें अमेरिकेंतील कलोनियल पाइपलाइन कंपनीवर ओढवलेला प्रसंग नेमका येथेंच सावध करितो. वापरांतून गेलेल्या एका खात्याचा परवलीचा शब्द चोरांच्या हातीं लागला. दुसरी खूण विचारण्याची सोय त्या खात्यास नव्हती. चोर ह्याच खासगी वाटेनें आंत शिरले, आणि देशाच्या पूर्व भागास इंधन पुरविणारी नळी कांहीं दिवस बंद ठेवावी लागली. कुलूप मोडलें नव्हतें. किल्ली सांपडली होती.

म्हणून परवलीच्या शब्दाबरोबर मोबाइलवरील दुसरी खूण असावी; नोकरी सोडणाऱ्याचें खातें त्याच दिवशीं बंद व्हावें; आणि ज्याचें काम एका वहीशीं, त्यास सारें कपाट उघडें नसावें. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं अशी कचेरी आहे, त्यांनीं कामाचा संगणक मुलांच्या खेळासाठीं देऊं नये. कारण संगणकांत शिरलेला रोग बंदिस्त वाटेनेंहि पेढींत पोहोंचतो. पेढीनें टाकलेला विश्वास घरानें सांभाळला, तर वाडीहि राहील आणि वाडीचा मुलगाहि गांवांतच राहील.