एंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग

मोटारीचें एंजिन व तिचीं चाकें एकाच गतीनें फिरतात, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. १९०८ ते १९२७ या काळांत अमेरिकेंत निघालेली फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी उदाहरणादाखल घ्यावी.

या गाडीला पुढें जाण्यासाठीं दोनच गिअर आहेत. वरच्या गिअरमध्यें एंजिनाची गति न बदलतां मागील आंसापाशीं पोंचते. तेथें ११ दांत्यांचें लहान चक्र ४० दांत्यांच्या मोठ्या चक्रास फिरवितें. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास एंजिनाचे सुमारें ३.६४ फेरे लागतात. मागील चाकाचा व्यास ३० इंच. तेव्हां एका फेऱ्यांत गाडी ७.८५ फूट पुढें जाते. ताशीं ३० मैल जावयाचें तर चाकाचे मिनिटास ३३६ आणि एंजिनाचे सुमारें १,२२० फेरे व्हावे लागतात.

चढावर डावें पाउल दाबून धरलें कीं खालचा गिअर लागतो. आतां एंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत वेग ताशीं ११ मैलांवर उतरतो. पण चाकांचा जोर जवळजवळ पावणेतीनपट होतो. वेग देऊन बळ घ्यावयाचें, असा हा रोकडा व्यवहार आहे.

या एंजिनाची वीस अश्वशक्ति १,६०० फेऱ्यांस, म्हणजे ताशीं सुमारें ३९ मैलांस मिळते. आजच्या गाड्यांशीं बरोबरी करण्याच्या हौसेनें तिला त्यापुढें दामटल्यास बारीक क्रँकशाफ्ट व मऊ धातूचीं बेअरिंगें यांवर नसता ताण पडतो. फेरे मोजणारा काटा या गाडींत नाहीं. एंजिनाचे श्रम हांकणाऱ्यानें कानानेंच ओळखावयाचे असतात.