छतातले दिवे : बसविताना घ्यावयाची काळजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला पापड-लोणची, विणकाम, मुलांचे आजार अशा विषयांवर आपल्यातील कोणीतरी बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला विजेच्या दिव्यांवर बोलावयास सांगितले, तेव्हा दोघीतिघी हसल्या. वीज म्हणजे पुरुषांचे काम, त्यात बाईमाणसाने काय सांगावयाचे? पण मी विचारते, घराचे काम चालू असते तेव्हा भर दुपारी घरात कोण असते? पुरुष शेतावर नाही तर दुकानात. वायरमनला चहा देणारी आणि ‘वहिनी, इथे किती लाइट लावू?’ या प्रश्नाला उत्तर देणारी बाईच असते. मी काही इंजिनीअर नव्हे. आमच्या दोन खोल्यांचे काम निघाले तेव्हा शिडीजवळ उभी राहून जे पाहिले आणि विचारले, तेच आज सांगणार आहे.

आपल्यापैकी पुष्कळजणींनी जुन्या घरातली वायरिंग पाहिलेली आहे. भिंतीवरून लाकडी पट्टी गेलेली, तिच्यावर क्लिपा मारून वायर बसविलेली, आणि आढ्याला लोंबणारा एक पिवळा दिवा. दिसावयास ते ओबडधोबड होते, पण एक सोय होती. वायर कुरतडली, काळी पडली, तर खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत असे. पुढे जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना निघाली, एलईडीचे दिवे स्वस्त झाले, आणि ६० वॅटच्या जुन्या दिव्याचे काम ९ वॅटचा दिवा करू लागला. मग पीओपीचे छत आले आणि त्यात खड्डे पाडून बसविलेले गोल-चौकोनी लाइट आले. आता नंदुरबारात, शहाद्याला, तळोद्याला नवे घर बांधले की हॉलमध्ये असे आठ-दहा लाइट हवेतच. घर शोभते, यात शंका नाही. पण वायर, जोड, सगळे छताच्या वर गेले. वर काय चालले आहे ते आता घरच्या बाईला दिसत नाही. तेव्हा जे पाहावयाचे ते छत झाकण्यापूर्वी पाहून घेतले पाहिजे.

पुष्कळांना वाटते, एवढे लाइट म्हणजे लोड फार. तसे नाही. ९ वॅटचे आठ लाइट मिळून ७२ वॅट होतात, जुन्या १०० वॅटच्या एका दिव्याहूनही कमी. भीती दिव्याची नाही, जोडाची आहे. दोन वायरी पिळावयाच्या, वर काळी टेप गुंडाळावयाची आणि तसेच छतावर टाकून द्यावयाचे, ही खोड सर्रास आहे. टेपचा डिंक उन्हाळ्यात सुटतो, जोड ढिला पडतो. त्यातच त्याच वायरीतून पुढे कूलरचा नाही तर इस्त्रीचा प्लग काढलेला असला, म्हणजे सगळा भार त्या ढिल्या जोडातून जातो आणि जोड तापत राहतो. अशा वेळी एमसीबीदेखील पडत नाही, कारण करंट जास्त झालेला नसतोच. फक्त एका जागी जळत असते. आमच्या गल्लीत एका घरी पंधरा दिवस जळका वास येत होता. सगळ्यांनी स्वयंपाकघर धुंडाळले. शेवटी लाइट खाली ओढून पाहिला तेव्हा वर टेप वितळून गोळा झालेली, आणि शेजारी उंदराने आणलेल्या चिंध्या! देवाची कृपा, एवढेच म्हणावयाचे.

म्हणून वायरमनला सांगावे की प्रत्येक वायर पाइपातून आली पाहिजे, आणि जोड असेल तो डबीत, कनेक्टर लावून, स्क्रूने घट्ट केलेला असला पाहिजे. ती डबीसुद्धा लाइटच्या खड्ड्यातून हात घालून सापडेल अशा जागी हवी. ‘काही नई व्हत ताई’ असे तो म्हणेल. हसून पुन्हा सांगावे. दिव्यांची वायर तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची, आणि तिच्यावर आयएसआयचा शिक्का व आयएस ६९४ हा आकडा छापलेला असावा. तो आकडा वाचावयास इंग्रजी येण्याची गरज नाही. कूलर, गिझर यांची वायर निराळी, जाड आणि सरळ बोर्डापासून आणलेली असावी. लाइट घेतानाही खोके उलटून पाहावे. छतात बसवावयाच्या एलईडी दिव्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे, तो नोंदणीचा आकडा खोक्यावर असतो. बाजारच्या दिवशी टोपलीत विकतात त्यांच्यावर काहीच नसते.

पीओपीच्या छताला आतून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा असतो. त्या पट्ट्यांच्या कडा विळीसारख्या. वायर तशीच त्यांच्यावरून ओढली तर साल कापली जाते, किंवा छतवाल्याचा स्क्रू नेमका वायरीत घुसतो, आणि मग सगळा सांगाडाच करंटचा होऊन बसतो. आमच्याकडच्या वायरमनभाऊंनी सांगाड्यालाही अर्थिंगची हिरवी वायर जोडून दिली, मला ते फार आवडले. आपल्याकडे लाल, पिवळी, निळी वायर फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असा रिवाज आहे. बटण नेहमी फेजवर असावे. ते काळ्या वायरीवर बसविले तर दिवा विझतो खरा, पण करंट दिव्यापर्यंत येऊन उभाच असतो. रात्री बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत राहिला तर हा घोटाळा असू शकतो. बटणात बारीक लाल दिवा असला तरी तसे होते, म्हणून आधी तपासून घ्यावे.

आता आपल्या खानदेशातल्या दोन गोष्टी, ज्या शहरातले लोक सांगणार नाहीत. पुष्कळ घरांवर पत्रा आहे. चैत्र-वैशाखात खोली तापते म्हणून पत्र्याखाली छत करतात आणि मधल्या पोकळीत थर्माकोल, गवत, जुनी पोती कोंबतात. एलईडी थंड असतो हा गैरसमज आहे. त्याच्या पाठीमागची धातूची बाजू तापते आणि सोबतची ड्रायव्हर नावाची डबीही तापते, तिला वारा लागतो. पत्र्याखालच्या त्या भट्टीत, वर गवत पसरून, ती किती दिवस टिकणार? मला विचाराल तर पत्र्याच्या खोलीत छतात खड्डा पाडूच नये, छताच्या बाहेर लावावयाचा साधा लाइट घ्यावा. शोभा थोडी कमी होईल, होऊ द्यावी.

दुसरी गोष्ट कापसाची. भाव येईपर्यंत आपण कापूस घरात ठेवतो. माझ्या मामेबहिणीकडे शहाद्याच्या बाजूला आतली खोली छतापर्यंत भरलेली मी पाहिली आहे. कापूस लाइटला टेकलेला, आणि मुले बटण लावून आत खेळतात! ज्या खोलीत कापूस भरावयाचा तिथे छतातले लाइट नकोत, आणि असतीलच तर त्या खोलीचा एमसीबी कापूस विकेपर्यंत खाली पाडून ठेवावा.

घरची मुले हल्ली मोबाइलवर पाहून ‘आई, मीच लावतो’ म्हणतात. बल्ब बदलावा, बटण बदलावे, तेवढे ठीक. नवी वायरिंग मात्र परवाना असलेल्या वीज ठेकेदाराकडूनच करून घ्यावयाची असा कायदा आहे. तो नवाही नाही, १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होता आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांतही आहे. परवाना दाखवा म्हणावयास लाजू नये. आणि काम चालू असताना मेन स्विच बंद केला म्हणजे झाले असे समजू नका. घरात इन्व्हर्टर असला तर मेन बंद असतानाही लाइटच्या वायरीत करंट येतच असतो. लाइट गेले की तोच तर घर उजळतो! इन्व्हर्टरही बंद करावा, टेस्टर लावून पाहावे, आणि मेनजवळ घरचे एक माणूस उभे ठेवावे, म्हणजे सासूबाई टीव्हीसाठी येऊन तो चालू करणार नाहीत.

एमसीबी असली म्हणजे माणूस वाचतो, हीही समजूत चुकीची आहे. एमसीबी वायरीला राखते. माणसाला राखते ती आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. ओल्या हाताने कूलरला हात लागला आणि करंट अंगातून जमिनीत जाऊ लागला की ती क्षणार्धात वीज तोडते. बोर्डात ती आहे की नाही हे घरी गेल्यावर पाहा, तिच्यावर ‘टी’ लिहिलेले लहान बटण असते. अर्थिंगचा खड्डाही विसरू नये. मीठ-कोळसा घातलेला तो खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि मग असून नसल्यासारखा होतो. तुळशीला पाणी घालताना एक बादली तिकडेही ओतावी.

कोणाला शॉक लागलाच तर धावत जाऊन धरू नका. आधी मेन पाडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा, मग १०८ ला फोन करा. बाहेरच्या तारेचे काही असेल तर महावितरणचा १९१२ आहे.

छतवाला फळी ठोकण्याच्या आदल्या दिवशी मोबाइलवर साऱ्या छताचे फोटो काढून ठेवा, प्रत्येक खोलीचे चार, डब्या दिसतील असे. पुढे पंखा बदलावयाचा असला किंवा भोक पाडावयाचे असले तर वायर कोठून गेली ते कळते. आमचे फोटो मी मुलीच्या मोबाइलवरही पाठवून ठेवले आहेत, कारण माझा मोबाइल नातवंडांच्या हातात असतो.

राहिले आरसीसीबीचे ते ‘टी’ बटण. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे, घरातली वीज लगेच गेली पाहिजे. तारीख लक्षात राहत नाही म्हणून आमच्या गल्लीतल्या आम्ही सातआठजणींनी संकष्टी चतुर्थी धरली आहे, सकाळी पूजेआधी दाबतो. दाबून वीज गेली नाही तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे, चंद्रोदयापर्यंत थांबू नये.