रुंद टायर टाकू का?

आजचा एपिसोड छोटा आहे आणि एका मेसेजमुळे केलाय. मेसेज असा: "दादा, दीड लिटर टर्बो पेट्रोल सेडान घेतली. १५० पीएस, २५० एनएम, पॉवर पुढच्या चाकांना. सिग्नल सुटल्यावर जोरात दाबलं की चाकं जागेवर फिरतात आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लुकलुकतो. २०५ चे टायर काढून २२५ टाकू का? दर पंधरा दिवसांनी आई-बाबांना घेऊन पुण्याहून मुंबईला जातो."

मित्रा, तुझ्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी एक गैरसमज काढू. आपल्याला वाटतं की टायर रुंद झाला म्हणजे जास्त रबर रस्त्याला टेकलं. पण तसं होत नाही. रस्त्याला टेकणारा भाग किती मोठा, हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: चाकावरचं वजन आणि टायरमधली हवा. ढोबळ हिशेब करू. गाडी १३०० किलोची, त्यातलं ६० टक्के वजन पुढे. म्हणजे पुढच्या एका चाकावर ३९० किलो. हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार केला की येतात जवळपास १७० चौरस सेंटीमीटर. एवढ्याशा तुकड्यावर सगळा खेळ!

आता त्याच हवेत रुंद टायर टाकला तर हा तुकडा जवळपास तेवढाच राहतो, फक्त आकार बदलतो. आधी लांबट होता, आता आडवा झाला. आडव्या तुकड्याचा फायदा वळणावर जास्त जाणवतो. स्टिअरिंग फिरवलं की गाडी पटकन ऐकते. पण सरळ रेषेत जोरात निघायचं असेल तर नुसत्या रुंदीतून मिळणारा फायदा आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी असतो.

मग तुम्ही विचाराल, ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांना मागे एवढे रुंद टायर का असतात? कारण ते फक्त रुंद नसतात. ते उंच असतात, त्यांचं रबर खूप मऊ असतं आणि हवा खूप कमी असते. शाळेत शिकलो होतो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबराच्या बाबतीत ते पूर्ण खरं नाही. रबरावरचा दाब जितका वाढेल, तितकी त्याची पकड वजनाच्या मानाने घटते. म्हणून तोच भार मोठ्या तुकड्यावर पसरला की फायदा होतो. रुंद टायरचा खरा उपयोग इथे आहे, की तो कमी हवेतही तेवढंच वजन पेलू शकतो. शिवाय उष्णताही जास्त रबरात पसरते.

बरं, रुंद म्हणजे नेहमीच चांगलं असंही नाही. जागतिक रॅलीच्या गाड्या डांबरी रस्त्यावर रुंद टायर वापरतात. त्याच गाड्या स्वीडनच्या बर्फात जातात तेव्हा अरुंद, खिळे लावलेले टायर घालतात, कारण तिथे वरचा भुसभुशीत बर्फ कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचायचं असतं. म्हणजे टायर निवडताना आधी रस्ता बघायचा.

आणि आपला रस्ता कुठला? जुलैमधला एक्सप्रेसवे. आई-बाबा मागच्या सीटवर.

नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर चाचण्या करून एक सूत्र काढलं. टायरमधल्या हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ काढा आणि १६.६ ने गुणा. जो आकडा येईल, त्या वेगाच्या आसपास गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो. ३३ पीएसआयला हा वेग येतो ताशी ९५ किलोमीटर. एक्सप्रेसवेवर मर्यादा १०० ची आहे. हवा २५ वर आली तर हाच वेग ८३ होतो! टायरला चांगले खाचे असतील तर पाणी बाहेर जायला वाट मिळते आणि आपण वाचतो. पण टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं. तेच डिझाइन, तेच खाचे, फक्त जास्त रुंदी, तर तो लवकर तरंगणार. गाडी तरंगली की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरते उरतात.

म्हणजे सिग्नलवरचा अर्धा सेकंद वाचवायला आपण पावसातली सुरक्षितता खर्च करतोय का, हा खरा प्रश्न आहे.

ऑफिसमध्ये सर्व्हर स्लो झाला की आपण लगेच मोठं मशीन घेत नाही, आधी अडतंय कुठे ते बघतो. इथेही तेच करू.

एक, हवा. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे आकडा लिहिलेला असतो. गार टायरवर तो तपासा.

दोन, वय. टायरच्या बाजूला डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुनं रबर कडक होतं, मग खाचे कितीही खोल असोत.

तीन, खाचे. मधले छोटे उंचवटे १.६ मिलिमीटरची खूण दाखवतात. पण पावसासाठी तिथपर्यंत थांबू नका.

चार, रबर. कंपनीतून येणारे बरेच टायर मायलेज आणि टिकाऊपणा बघून निवडलेले असतात. त्याच २०५/५५ आर१६ मापात ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला टायर घेतला, तर फरक कोरड्यातही जाणवेल आणि पावसातही. फक्त तो लवकर झिजेल, हे मान्य करून घ्या.

हे सगळं करूनही रुंदी हवीच असेल, तर बाहेरचा व्यास तोच ठेवा. २०५/५५ आर१६ चा व्यास ६३२ मिलिमीटर, २२५/४५ आर१७ चा ६३४. चालेल, स्पीडोमीटर चुकणार नाही. पण त्याला किमान ७ इंच रुंद रिम लागते, लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि बाजूची भिंत पातळ झाल्यामुळे खड्ड्यात रिम वाकायची शक्यता वाढते.

आणि एक लक्षात ठेव. जोरात निघताना वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात. पॉवर पुढे असलेल्या गाडीत हे होणारच. पहिल्या गिअरमध्ये पाय जरा हळू दाबला तर तो पिवळा दिवा फुकटात विझतो.

तर मित्रा, माझं उत्तर: माप तेच, रबर चांगलं, आणि पावसाळ्याच्या आधी. उरलेल्या पैशात आई-बाबांना लोणावळ्यात थांबून जेवायला घाल.

तुमच्या टायरचा डीओटी कोड काय निघाला, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून चालवा!