बरणीतले झिंगे

ओढ्यातले झिंगे आपण खातो. पण ते घरी पाळताही येतात, हे आम्हांला आमच्या नातीने शिकविले. तिने आठ बारीक झिंगे धरून आणले. आम्ही तांब्याचे घंगाळ चिंचेने लख्ख घासले, पाणी भरले, झिंगे सोडले. सकाळी पाहतो तो आठही मेलेले! पोर दिवसभर जेवली नाही.

चूक आमची. तांब्याचे भांडे माणसाला चालते, झिंग्याला तांबे विष आहे. पाण्यात थोडे उतरले तरी तो मरतो.

दुसऱ्या खेपेस काचेची मोठी बरणी घेतली. तळाला धुतलेली वाळू, वर शेवाळ, पाणी ओढ्याचेच. विहिरीत नुकतीच जंतुनाशक पावडर टाकली असेल तर ते पाणी घेऊ नये. फवारणीचा हात तर बरणीत मुळीच घालू नये. किडीचे औषध झिंग्यालाही मारते. तो किड्यांचाच दूरचा भाऊबंद. शेवाळ कुरतडून तो जगतो. वर उकडलेल्या भाजीचे एखादे पान पुरे. उरलेले काढून टाकावे, नाहीतर पाणी नासते.

एके दिवशी नात ओरडली, "आबा, एक मेला!" उचलून पाहिले, तर नुसते पोकळ टरफल! झिंगा सापासारखी कात टाकतो. अंग वाढते, टरफल वाढत नाही. नवे टरफल आधी मऊ असते, म्हणून तो लपून बसतो. धनी शेवाळात दडला होता. मोजले, सहाचे सहा.

आता एका मादीच्या पोटाखाली अंडी दिसताहेत. बघायला खुशाल या. फक्त तंबाखूचे हात बाहेर धुऊन या.