अवजारांच्या पडवीत उजेड कसा आखाल?

आज पीक-पाण्याचा विषय बाजूला ठेवतो. पंप, कोयते, विळे, फवारणी पंप, ग्रास कटर या सगळ्याची दुरुस्ती आपण जिथे करतो, त्या घरामागच्या पडवीबद्दल बोलायचं आहे. आगाशी, नंदाखाल, भुईगाव, निर्मळ, कुठल्याही गावात जा. वाडी हिरवीगार, घर टुमदार, पण अवजारांच्या पडवीत छपराच्या मधोमध एकच दिवा लोंबताना दिसतो. दिवसभर वाडीत काम असतं आणि पहाटे फुलं-भाजी घेऊन दादरची गाडी गाठायची असते. त्यामुळे दुरुस्तीचं काम उरतं ते दिवेलागणीनंतर, त्या एका दिव्याखाली.

आमच्या घरी हेच होतं. माझे वडील एका संध्याकाळी ग्राइंडरवर कोयत्याला धार लावत होते. दिवा पाठीमागे, डोक्याच्या वर. त्यांचीच सावली नेमकी दगडावर पडत होती. कोयत्याचं पातं कुठे संपतं आणि बोट कुठे सुरू होतं, ते दिसलं नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. आज त्यांना मोगऱ्याचा गजरा ओवता येत नाही. ग्राइंडरचा त्यात दोष नव्हता. मी शेतीचा पदवीधर, गावोगाव सल्ला देत फिरणारा, पण घरातला दिवा कुठे लावला आहे हे कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. दिवा किती मोठा यापेक्षा तो कुठे आहे हे महत्त्वाचं. उजेड आपल्या समोरून किंवा बाजूने कामावर पडला पाहिजे, पाठीमागून नको.

आता आखणी करू. समजा, पडवी १२ फूट रुंद आणि १५ फूट लांब आहे. म्हणजे १८० चौरस फूट, साधारण १७ चौरस मीटर. उजेड लक्समध्ये मोजतात आणि दिव्यातून निघणारा प्रकाश ल्युमेनमध्ये. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. दुरुस्तीच्या कामाला ३०० लक्स उजेड धरा. १७ गुणिले ३०० म्हणजे ५,१०० ल्युमेन. पण सगळा प्रकाश कामापर्यंत पोचत नाही. काळवंडलेल्या भिंती आणि दिव्यावरची धूळ बराच खाऊन टाकतात. म्हणून ८,००० ल्युमेनचा हिशेब ठेवा. २० वॅटची चार फुटी एलईडी पट्टी सुमारे २,००० ल्युमेन देते. अशा चार पट्ट्या पुरतात. चारही मिळून ८० वॅट. पूर्वीचा १०० वॅटचा एक बल्ब यापेक्षा जास्त वीज खायचा आणि उजेड याच्या सहाव्या हिश्श्याइतकाच द्यायचा. रोज तीन तास लावल्या तरी पाव युनिटसुद्धा लागत नाही.

चारही पट्ट्या मधोमध लावू नका. दोन ओळी करा. कामाचं टेबल लांब भिंतीला लावलं असेल, तर पहिल्या दोन पट्ट्या टेबलाच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर, म्हणजे भिंतीपासून दीड-दोन फुटांवर घ्या. तिथे आपलं डोकं उजेडाच्या आड येत नाही. दुसऱ्या दोन समोरच्या भिंतीपासून तीन फुटांवर. ग्राइंडर आणि शेगड्यापाशी वाकवता येणारा, पत्र्याच्या टोपीचा एक छोटा दिवा वेगळा द्या. उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा. भिंतींना पांढरा चुना मारा. स्वस्तातला दुसरा दिवा समजा.

खिळा ठोकण्यापूर्वी एक सोपी चाचणी करा. रात्री घरातल्या कुणाला तरी शिडीवर चढवून, ठरलेल्या जागी दिवा धरायला सांगा. तुम्ही टेबलाशी नेहमीसारखे उभे राहा आणि हाताकडे बघा. सावली कामावर पडली, तर दिवा सरकवा.

जुन्या चोकच्या ट्यूबबद्दल सावध राहा. ती सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. डोळ्याला कळत नाही, पण तिच्याखाली फिरणारं दातेरी पातं किंवा कडबा कुट्टीचं चाक एखाद्या गतीला थांबल्यासारखं दिसू शकतं. थांबलं समजून हात घातला, तर अनर्थ होतो. हलक्या प्रतीच्या एलईडीतही हा दोष असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे बघा. काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा यंत्राजवळ नको.

वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. दिव्यांची लाइन वेगळी, यंत्रांच्या सॉकेटची वेगळी. ग्राइंडरने फ्यूज उडवला तरी फिरत्या चाकासमोर अंधार व्हायला नको. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची, सॉकेटला अडीचची तार घ्या. दोन्ही लाइनला एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग हवंच. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर काम करणाऱ्याचा जीव आरसीसीबी वाचवतो. शेतीपंपाच्या जोडणीवरून घरचे दिवे लावू नका. मंजूर कारणाबाहेर वीज वापरणं हा २००३ च्या वीज कायद्याचा भंग आहे.

आपल्याकडचा पाऊस विसरू नका. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये घराघरांत पाणी शिरलं होतं. तुमच्या भिंतीवर पाण्याची खूण असेल, तर स्विचबोर्ड आणि सॉकेट तिच्या निदान एक फूट वर घ्या. समुद्राची खारी हवा लोखंड खाते. म्हणून उघड्या बाजूचे दिवे बंद, पाणी न शिरणारे, प्लास्टिकच्या आवरणाचे घ्या. बाहेरचा दिवा पिवळसर असला, तर त्यावर किडे कमी येतात.

थोडक्यात सांगतो. पडवी मोजा, टेबलाच्या कडेवर दिवे घ्या, लाइनी वेगळ्या करा, सावली तपासा. आज संध्याकाळी पडवीत जाऊन फक्त एवढंच बघा, की हातावर सावली कुणाची पडते आहे. ती स्वतःची असेल, तर दिवा सरकवायला उशीर करू नका.