आधी कळावं, मग देखणं दिसावं



मी व्हिडिओ गेममधली बटणं, चौकटी आणि चिन्हं रंगवते, असं सांगितलं की मुलं खूश होतात आणि पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. आज दोघंही समोर आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जीव किती उरलाय, हातात कोणतं शस्त्र आहे, हे खेळणाऱ्याला सांगणारा स्क्रीनवरचा भाग म्हणजे इंटरफेस. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' हा गेम आणला. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती गोष्ट. गेममधल्या चित्रांवर पहाडी चित्रशैलीची छाप आहे. अशा खेळात चकचकीत निळं बटण ठिगळासारखं दिसेल. म्हणून रंग, किनार, वेलबुट्टी आम्ही चित्रांतूनच उचलतो. पण वेलबुट्टीत आकडा हरवला, तर ती कितीही देखणी असो, खोडावीच लागते. माझी कसोटी सोपी आहे. चित्र कृष्णधवल करायचं, नखाएवढं लहान करायचं. तरीही जीव किती उरलाय ते कळलं, तर काम पास!

आपल्याकडे हे शहाणपण जुनंच आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, हा पत्त्यांचा खेळ बघा. 120 गोल पानं; दहा अवतारांची प्रत्येकी 12. अवतारागणिक पानाचा रंग वेगळा. शिवाय मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. मासे मोजले की पान कितीचं ते कळलं. दिव्याच्या उजेडात रंग ओळखू आला नाही, तरी चिन्ह आहेच. रंग नीट ओळखता न येणाऱ्या खेळाडूंसाठी आज आम्ही हेच करतो.

आणि किती उरलंय हे दाखवायला तुम्हा हिवरे बाजारच्या ग्रामस्थांना मी काय शिकवणार? पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, त्यावरून पिकं ठरवायची, ही तुमची रीत. किती उरलंय हे सगळ्यांना दिसतं, म्हणून निर्णय होतो. खेळातली जिवाची पट्टी तरी दुसरं काय करते?

तेव्हा चित्रं काढणाऱ्यांना एक काम देऊन जाते. यंदाचा ताळेबंद एका कागदावर काढा, एकही अक्षर न लिहिता. पहिलीतल्या मुलाला दाखवा आणि आपण गप्प बसा. त्याला कळलं नाही, तर चूक त्याची नाही, चित्राची. पुन्हा काढा.

आणि पालकहो, वहीच्या समासात चित्रं दिसली, तर रागावण्याआधी ती एकदा नीट बघा.